जत्रा, शिमगा, नाट्यमहोत्सव: कोकणातल्या उत्सवांत काम मिळवायचं असेल तर

दिवाळी झाली, भात घरात आलं, की सिंधुदुर्गात नाक्यानाक्यावर जत्रांचे बोर्ड लागायला लागतात. तिथून पाऊस सुरू होईपर्यंत पेण-अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत कुठे ना कुठे मांडव उभाच असतो. देवळाची जत्रा, संगीत महोत्सव, एकांकिका स्पर्धा, शिमगा, नमन (रत्नागिरीकडचं लोकनाट्य), डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), साहित्य संमेलन, पर्यटन महोत्सव अशी ही रांग आहे. एवढ्या मांडवांना माणसं लागतात आणि कामाची जाण असलेली माणसं वेळेवर मिळत नाहीत, ही आयोजकांची नेहमीची तक्रार. दुसरीकडे बारावी किंवा आयटीआय करून घरी बसलेली मुलं-मुली विचारत असतात, "गाण्या-नाटकाच्या जवळ राहायचंय, पण अभिनय येत नाही, गळा नाही. मग काय करू?" त्यांच्यासाठी हा लेख. रंगमंचावर दोन तास जे दिसतं, त्याच्यासाठी मागे दोन दिवस राबणारे हात लागतात. त्या हातांना काम आहे, पैसेही आहेत. फक्त कुठून शिरायचं ते माहीत हवं.

१. आधी वर्षाचं गणित मांडा

हे काम बारमाही नाही, हंगामी आहे. त्यामुळे पहिली पायरी म्हणजे एक वही घ्या आणि महिने लिहून काढा.

कार्तिकापासून दक्षिण कोकणात जत्रा सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर दशावतार. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असते, त्या काळात स्पर्धेतल्या संस्था दिवसरात्र कामात असतात. जानेवारीत रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव होतो. महाशिवरात्रीला देवगड तालुक्यात कुणकेश्वरची यात्रा. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा साधारण फेब्रुवारीच्या आगेमागे येते, पण तिची तारीख पंचांगावरून काढता येत नाही. ती देवीच्या कौलाने ठरते आणि मग जाहीर होते. ती जाहीर झाली की मालवण तालुक्यातले मांडववाले, जनरेटरवाले, साऊंडवाले एका दिवसात बुक होतात. म्हणून त्या आठवड्यासाठी तुमचं नाव त्यांच्याकडे आधीच नोंदलेलं हवं.

फाल्गुनात शिमगा. रत्नागिरी जिल्ह्यात पालख्या, नमन, संकासुराचं सोंग. कुडाळजवळ नेरूरला मांडावर रोंबाट, म्हणजे शिमग्याची मिरवणूक, येतं तेव्हा माणसांच्या खांद्यावरून आणि चाकांवरून जे अवाढव्य देखावे हलतात, ते बनवायला कित्येक दिवस आधीपासून सुतार, वेल्डर, चित्रकार कामाला लागलेले असतात. मग एप्रिल-मे: चाकरमानी गावाला, वाडीवाडीत पूजा, नाटक, भजन, क्रिकेटच्या बक्षीस समारंभालाही ऑर्केस्ट्रा. जूनपासून उघड्यावरचं सगळं बंद. गणपतीत पुन्हा भजनाला उधाण.

२. काम निवडा: कोणकोणती आहेत

*आवाज, उजेड, मांडव.* सगळ्यात जास्त मागणी इथे आहे. वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय झालेला मुलगा साऊंड-लाईटवाल्याकडे गेला तर त्याला नाही म्हणणारं कोणी नाही. सुरुवात वायरी गुंडाळण्यापासून आणि बॉक्स उचलण्यापासून होते. हसू नका, वायर नीट गुंडाळता येणं हीच पहिली परीक्षा असते. वाकडीतिकडी पिळलेली केबल आतून तुटते आणि ऐन कार्यक्रमात माईक खरखरतो. त्यानंतर मिक्सरवर बसायला मिळतं. इथे कोकणाची स्वतःची अशी एक गरज आहे. पेटी, पखवाज आणि झांज यांचा आवाज जमवणं हे डीजेचा आवाज जमवण्याहून फार वेगळं आहे. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर, दोन्हीकडे कोरस आणि झांजा. त्यात बुवांचा शब्दन् शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला कळला पाहिजे. ज्याला हे जमतं त्याला बुवाच आयोजकांकडे मागून घेतात.

मांडवाच्या कामातही इथली जमीन शिकवते. सड्यावर जांभ्याचा कातळ असतो, खांबासाठी खड्डा खणता येत नाही. मग वजनाची पिंपं किंवा लोखंडी बैठक लावून खांब उभे करावे लागतात. समुद्राकाठी वारा संध्याकाळी फिरतो आणि कापडी कमानी शिडासारख्या फुगतात. खारी हवा प्लग, जोड, नटबोल्ट सगळं खाऊन टाकते. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाआधी अर्थिंग तपासणं आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून स्विच दाबायचा नाही. मालक "चालतं रे" म्हणाला तरीही नाही.

*रंगमंचामागची कामं.* नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, कपडेपट, पार्श्वसंगीत. यांचं खरं शिक्षण हौशी संस्थांमध्ये होतं. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाबरोबर नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांनाही बक्षिसं असतात, त्यामुळे संस्था या कामांकडे गंभीरपणे बघतात. कणकवलीचं वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान, रत्नागिरीची खल्वायन यांसारख्या संस्था वर्षानुवर्षं कार्यक्रम करत आल्या आहेत. तुमच्या तालुक्यात अशी कोणती संस्था आहे ते शोधा आणि तालमीला जाऊन बसा. मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहात किंवा रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात नाटक आलं की दुपारी ट्रक खाली होताना जाऊन बघा. सेट किती वेळात लागतो, कोण कोणाला काय सांगतो, कपडे कोणत्या क्रमाने टांगले जातात, हे संध्याकाळच्या प्रयोगात दिसत नाही.

दशावताराची गोष्ट वेगळी. तिथे सेट जवळपास नाही. एक बाकडं हेच सिंहासन, तेच रथ. नट आपला चेहरा आपणच रंगवतात, स्त्रीभूमिका पुरुषच करतात, संवाद लिहिलेले नसतात. पण अलीकडे ट्रिकसीनचे प्रयोग जोरात आहेत: धूर, प्रकाश, हलणारे नाग, अचानक प्रकट होणाऱ्या देवता. हे करणारे तंत्रज्ञ मोजके आहेत आणि थोडं सुतारकाम, थोडी वायरिंग, थोडी कल्पकता असलेल्या माणसाला इथे जागा आहे. एकच सांगणं: आधी चारदोन साधे दशावतार रात्रभर बसून पहा. युद्धनृत्याला पखवाज कसा चढतो ते कानात बसल्याशिवाय धुराचं बटण कधी दाबायचं ते कळणार नाही.

*वादक आणि कलाकार.* ज्याच्या हातात पखवाज, तबला, पेटी किंवा ढोलकी आहे त्याने वेगवेगळ्या प्रकारांत वाजवायला शिकावं. भजनाचा ठेका, दशावताराचा, नमनाचा आणि शक्ती-तुऱ्याच्या जाखडी नाचाचा ठेका निराळे आहेत. दोन प्रकार येणाऱ्याचा हंगाम दुप्पट लांब होतो, कारण दशावतार दक्षिणेकडे आणि नमन-जाखडी रत्नागिरीच्या पट्ट्यात, आणि नमनाचे प्रयोग मुंबईतल्या नाट्यगृहांतही होतात.

*हातातली कला.* पेणमध्ये गणपतीचं काम वर्षभर चालतं. साचा, घासकाम, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणाऱ्याचा मान आणि मोबदला वेगळा, पण तिथे पोचायला आधीचे सगळे टप्पे हाताखालून जावे लागतात. चित्रकलेचं रीतसर शिक्षण हवं असेल तर त्यासाठी घर फार लांब सोडावं लागत नाही. सावर्ड्याला चित्र-शिल्प कला महाविद्यालय आहे, देवरुखलाही कला महाविद्यालय आहे. महोत्सवाची प्रवेशकमान, मंचामागचा पडदा, रांगोळी, देखावे या सगळ्यासाठी अशी मुलं लागतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या जिवंत ठेवल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी. त्यांचं कला आंगण जाऊन पहा. एका घरातली कला महोत्सवात, शाळेत, पर्यटकांसमोर कशी मांडली जाते ते तिथे समजतं. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) विकणाऱ्या स्टॉलवर बोलकी, चार भाषांत किंमत आणि माहिती सांगू शकणारी मुलगी असेल तर विक्रीत फरक पडतो. हेही काम आहे आणि त्याचा रोज (दिवसाची मजुरी) मिळतो.

*माणसं सांभाळण्याची कामं.* निवेदक, तिकीटखिडकी, प्रवेशद्वार, वाहनतळ, पाहुण्या कलाकारांची सरबराई. शेवटचं काम दिसतं सोपं, असतं जोखमीचं. पहाटेच्या कोकण रेल्वेने तबलजी कुडाळला उतरणार, त्यांना घ्यायला गाडी, खोली, नाश्ता, दुपारी साऊंड तपासणी, रात्री परतीची गाडी. यातली एक कडी निसटली की कार्यक्रम लटकतो. शांत डोक्याच्या, गाड्यांच्या वेळा आणि रस्ते पाठ असलेल्या माणसाला आयोजक दरवर्षी बोलावतात.

*फोटो, चित्रीकरण, थेट प्रक्षेपण.* आज जवळजवळ प्रत्येक डबलबारी आणि मोठा दशावतार मुंबईतल्या गाववाल्यांसाठी यूट्यूबवर जातो. दोन कॅमेरे, मिक्सरमधून थेट घेतलेला आवाज आणि चालणारं नेट एवढं जमलं की झालं. नेट मात्र आधी जागेवर जाऊन तपासा; खाडीकाठच्या आणि दरीतल्या देवळांत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. आणि चित्रीकरण विकण्याआधी मंडळाची परवानगी लेखी घ्या. कलाकाराच्या कलेवर पहिला हक्क कलाकाराचा.

खाण्याच्या स्टॉलबद्दल थोडक्यात: खाजं असो की वडे, अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी करा, ती ऑनलाईन होते. जत्रेत जागेची पावती देवस्थान समिती किंवा ग्रामपंचायतीकडून मिळते, आणि चांगल्या जागा लवकर जातात.

३. सेवा कुठे संपते आणि काम कुठे सुरू होतं

कोकणात हा भाग नीट समजला नाही तर माणूस एक तर उद्धट ठरतो, नाहीतर आयुष्यभर फुकट राबतो.

आपल्या गावच्या देवाची जत्रा, आपल्या वाडीचा शिमगा, यात जे हात लागतात ती सेवा. पालखीला खांदा देण्याचे पैसे मागायचे नसतात. मानकरी, गुरव, गावकर यांचे मान ठरलेले आहेत, जुन्या दशावतारी कंपन्यांच्या काही जत्रा परंपरेने ठरलेल्या आहेत, आणि त्यात नवख्याने हात घालू नये. "मंच जरा देवळाच्या दारासमोर घेऊया, फोटो छान येतील" असं सुचवण्याआधी कोणाला तरी वडीलधाऱ्याला विचारा. कोणती जागा पालखीची, कुठे चप्पल घालून जायचं नाही, तरंग (देवाचे सजवलेले खांब) कधी बाहेर येतात, हे माहीत नसणारा तंत्रज्ञ कितीही हुशार असला तरी दुसऱ्या वर्षी त्याला बोलावत नाहीत.

पण तेच काम तुम्ही दुसऱ्या गावात, तिकीट लावलेल्या महोत्सवात, नगरपरिषदेच्या किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या कार्यक्रमात करत असाल, तर ते काम आहे आणि त्याचा मोबदला मागण्यात काहीही कमीपणा नाही. "पैशाचा मागीर बघूया" (पैशाचं नंतर बघू) हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. ते म्हणणारा माणूस बहुतेकदा वाईट नसतो, त्याच्याही हातात वर्गणी आलेली नसते. तरीही काम सुरू होण्याआधी आकडा ठरवा. नटमंडळी आणि तंत्रज्ञांत 'नाईट' ठरते, म्हणजे एका प्रयोगाचे इतके. मांडव आणि मजुरीत रोज ठरतो. जेवण, प्रवास, राहणं त्यात धरलंय की वेगळं, आणि पावसाने किंवा आचारसंहितेने कार्यक्रम रद्द झाला तर काय, हे विचारा. विचारलेलं व्हॉट्सॲपवर चार ओळींत लिहून पाठवा आणि समोरून "ठीक" येऊ द्या. हीच तुमची कागदपत्रं.

पहिल्या हंगामात एखाददुसरं काम शिकण्यासाठी विनामोबदला करायला हरकत नाही, पण ते तुम्ही ठरवा. ज्या कार्यक्रमात सगळ्यांना पैसे मिळतात आणि फक्त तुम्हाला 'अनुभव' मिळतो, तिथे दुसऱ्यांदा जाऊ नका. आमच्या कलावंतांच्या पिढ्याच्या पिढ्या मानपत्र आणि शालीवर म्हाताऱ्या झाल्या, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. नव्या मुलांनी तरी ते पुढे चालवू नये.

४. पहिलं पाऊल कसं टाकायचं

अर्ज पाठवून इथे फारसं काही होत नाही. माणसं माणसांना विचारतात. गावातला मांडववाला, साऊंडवाला, भजनी बुवा, शाळेतले स्नेहसंमेलन बसवणारे सर-मॅडम, ग्रंथालयाचे ग्रंथपाल, यांच्यापैकी दोघांना समोर जाऊन भेटा. वाचनालयांकडे दुर्लक्ष करू नका. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं, २०२१ च्या जुलैच्या पुरात त्याचं मोठं नुकसान झालं आणि तरी ते पुन्हा उभं राहिलं. अशा संस्था व्याख्यानमाला, संमेलनं, प्रदर्शनं भरवतात आणि त्यांना तरुण हात नेहमी हवे असतात. मालगुंडचं केशवसुत स्मारक आणि कोकण मराठी साहित्य परिषदेच्या शाखाही अशाच.

भेटायला जाताना "काहीही करीन" म्हणू नका. "मला वायरिंग येतं, मोटरसायकल आहे, रात्री जागू शकतो" असं नेमकं सांगा. आणि वेळ निवडा: जत्रेच्या दिवशी मालकाला डोकं वर करायला फुरसत नसते. दसऱ्यानंतर, सामान झाडूनपुसून बाहेर काढतात तेव्हा जा आणि झाडायला बसा. निम्म्या ओळखी तिथे होतात.

पहिल्या कामाला जाताना पिशवीत काय हवं: टॉर्च, टेस्टर, पक्कड, काळी चिकटपट्टी, सेफ्टी पिना, मार्कर, पाण्याची बाटली, जाड तळव्याचे बूट, मोबाईलची पॉवर बँक आणि डिसेंबर-जानेवारीत एक स्वेटर. पहाटे दव पडतं, मिक्सर झाकायला प्लास्टिक लागतं आणि तुम्हालाही काहीतरी लागतं. दशावताराची रात्र पहाटे दहीकाल्यापर्यंत चालते. त्यानंतर सामान उतरवायचं असतं. परतीला पहिली एसटी किती वाजता आहे ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा, आणि रात्रभर जागून दुचाकी चालवत घरी जाऊ नका. घाटात आणि महामार्गावर यामुळे माणसं गेली आहेत.

मुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी थोडं स्पष्ट बोलतो. हे काम मुलींचं नाही असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. रंगभूषा आणि निवेदनात मुली आहेतच, प्रकाश आणि ध्वनीतही याव्यात. पण होकार देण्याआधी विचारा: कपडे बदलायला बंद खोली आहे का, स्वच्छतागृह कुठे, रात्री पोचवायला कोण, बरोबर आणखी एखादी बाई आहे का. याचं सरळ उत्तर न देणाऱ्याचं काम घेऊ नका. चांगले आयोजक हे प्रश्न विचारल्यावर रागावत नाहीत.

५. कायदा आणि कागद

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम साऊंडवाल्याला पाठ हवेत. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांना रात्री १२ पर्यंत सूट देता येते, ते दिवस जिल्ह्यात जाहीर होतात. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र. स्पीकरचा परवाना पोलीस ठाण्यातून मिळतो. तो कोणाच्या नावावर आहे हे विचारा आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कारण पोलीस आले की आधी मिक्सरवरच्या माणसाकडेच येतात. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. वीज महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीवरून किंवा जनरेटरवरून घ्यावी. शेजारच्या घरातून ओढलेली वायर म्हणजे अपघाताला बोलावणं.

तुमचे स्वतःचे कागद: आधार, पॅन, बँक खातं. केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा, ती १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांसाठी आहे आणि फुकट आहे. सरकारी किंवा मोठ्या संस्थेच्या कामात टीडीएस कापतात, त्याची नोंद मागून घ्या. आणि प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका, तुमचं नाव असलेला फलक, प्रमाणपत्र, फोटो एका फाईलमध्ये तारखेवार लावा. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज करताना केलेल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. चाळीस वर्षं पखवाज वाजवलेल्या माणसाकडे एकही कागद नाही, असं गावोगाव दिसतं. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर त्यांची फाईल तुम्ही बनवून द्या.

६. पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर उत्पन्न आटतं हे धरूनच पैसे बाजूला टाका. या महिन्यांत बहुतेक लोक शेती सांभाळतात आणि ते बरोबरच आहे. पण आठवड्यातले दोन दिवस कामासाठी ठेवा: बुरशी लागू नये म्हणून स्पीकर आणि पडदे कोरड्या माळ्यावर, केबलचे जोड पुन्हा डाखणं, पखवाजाची शाई आणि वाद्या तपासणं, पेटीचा भाता पाहून घेणं. ज्यांना पेणला मूर्तिकाम शिकायचंय त्यांच्यासाठी गणपतीआधीचे हेच महिने घाईचे, तेव्हा जादा हात घेतात. श्रावणात भजनी मंडळांच्या तालमी सुरू होतात. माईक नसताना बुवांच्या शेजारी बसून गजर ऐका. आणि नवरात्र संपायच्या आत मांडववाल्याला, साऊंडवाल्याला फोन करून विचारा, यंदा सामान कधी बाहेर काढताय.